गेज लावण्यापूर्वी : देखभाल कर्मचाऱ्यांतून शीतकरण तंत्रज्ञ घडवण्याचे एक प्रकरण

परिस्थिती

या प्रकरणातील कंपनी मोठ्या इमारतींची तांत्रिक देखभाल करते. वातानुकूलन, तापन आणि अन्नसाठ्याच्या शीतखोल्या अशी तिन्ही प्रकारची कामे तिच्याकडे असतात. कामे वाढत गेली, पण ती करू शकणारे अनुभवी तंत्रज्ञ बाहेरून मिळेनासे झाले, आणि जे मिळाले तेही फार काळ टिकले नाहीत. तेव्हा आपल्याच पदरी असलेल्या कर्मचाऱ्यांना तंत्रज्ञ म्हणून तयार करायचे, असे व्यवस्थापनाने ठरवले. निवडलेल्या गटात वायरमन होते, नळजोडणी करणारे होते आणि वर्षानुवर्षे कॉइल (हवा थंड वा गरम करणाऱ्या नळ्यांची जाळी) धुण्याचे व फिल्टर साफ करण्याचे काम केलेले हेल्परही होते.

हा निर्णय मुळात योग्यच होता. कोणत्या गच्चीवर कोणते यंत्र आहे, कोणत्या शाफ्टमधून कोणती लाइन उतरते, कोणत्या बोर्डावरून कोणाला वीज जाते हे बाहेरून आलेल्या माणसाला कळायला बराच काळ लागतो. या कर्मचाऱ्यांना ते तोंडपाठ होते. शिवाय प्रत्येकाकडे या व्यवसायातले काही ना काही आधीपासूनच होते. वायरमनला नियंत्रणाचा वायरिंग नकाशा वाचता येत होता, पण दाबाखालच्या नळीला हात लावताना तो कचरत असे. नळजोडणी करणाऱ्याचा हात तांब्यावर बसलेला होता, मात्र काँटॅक्टरचे (मोटरची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) झाकण निघाले की तो दोन पावले मागे सरे. हेल्परना यांपैकी काहीच येत नव्हते. पण कॉइल घाणीने भरली की यंत्राचा आवाज कसा बदलतो आणि समोरून येणारी हवा कशी मंदावते, हे त्यांच्याइतके कोणी ओळखत नव्हते. पहिल्या कार्यक्रमात या जाणकारीचा उपयोग करून घेतला गेला नाही, हे पुढे लक्षात येईल.

तो पहिला कार्यक्रम नेहमीच्या पद्धतीने आखलेला होता. आधी काही आठवडे वर्गात शीतकरण चक्र, वीज, शीतकांचे (यंत्रात फिरून उष्णता वाहून नेणाऱ्या द्रव्यांचे) प्रकार आणि सुरक्षितता हे विषय शिकवले गेले आणि लेखी परीक्षा झाली. त्यानंतर प्रत्येक प्रशिक्षणार्थीला एका ज्येष्ठ तंत्रज्ञासोबत जोडून दिले. थोड्याच काळात ही मंडळी कपॅसिटर, काँटॅक्टर आणि पंख्याची मोटर बदलू लागली, कामांचा निपटारा वाढला आणि व्यवस्थापन समाधानी झाले. पण हळूहळू एकाच यंत्राच्या तक्रारी पुन्हा पुन्हा येऊ लागल्या. प्रशिक्षणात नेमके काय चुकले, हे उलगडून दाखवणारे एक काम मी येथे तपशिलाने मांडतो.

शीतखोलीचे काम

खोली ४ अंश सेल्सिअसवर राखायची होती. यंत्रात आर-१३४ए हे शीतक, म्हणजे बोलीभाषेतला गॅस, होते. वाफेचा पुन्हा द्रव करणाऱ्या कंडेन्सरनंतर द्रव साठवणारा रिसीव्हर होता, त्यापुढे ओल आणि कचरा अडवणारा फिल्टर-ड्रायर, मग आतला द्रव पाहण्याची साइट ग्लास आणि शेवटी बाष्पकात, म्हणजे द्रव उकळून खोलीतली उष्णता घेणाऱ्या कॉइलमध्ये, द्रव सोडणारी प्रसरण झडप. काही आठवड्यांपूर्वी कंपनीच्याच माणसांनी तिथला जळालेला कॉम्प्रेसर (शीतकाची वाफ दाबून पुढे ढकलणारा पंप) बदलला होता आणि रीतीप्रमाणे ड्रायरही नवा बसवला होता. आता तक्रार आली की खोली थंड होत नाही.

पहिल्या प्रशिक्षणार्थीने जाऊन गेज, म्हणजे दाबमापक, लावले. सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या वाफेचा, दाब जेमतेम ०.३ बार होता. ही खोली नीट चालू असताना बाष्पक उणे ५ अंशांच्या आसपास असतो आणि आर-१३४ए साठी त्याचा गेजवरील दाब सुमारे १.४ बार येतो, ०.३ बार म्हणजे बाष्पक जवळपास उणे २० अंशांवर गेला होता. साइट ग्लासमध्ये बुडबुडे दिसत होते. गॅस कमी आहे, असा निष्कर्ष काढून त्याने गॅस भरला. खोली थोडी निवली आणि तो परतला. पुन्हा तक्रार आली तेव्हा दुसरा गेला. त्यालाही तेच दिसले आणि त्यानेही तेच केले. तिसऱ्या वेळी गेलेल्याने गॅस भरायला घेतला तेव्हा डिस्चार्जकडचा, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या बाजूचा, दाब चढू लागला, पण सक्शन जागचा हलला नाही आणि बुडबुडेही गेले नाहीत. त्याने काम थांबवून फोन केला. तो थांबला, ही या सगळ्या प्रसंगातली सर्वात चांगली गोष्ट होती आणि पुढच्या बदलांची सुरुवात तिथूनच झाली.

प्रशिक्षणाची जबाबदारी असलेले अभियंता तिथे पोहोचले तेव्हा त्यांनी गेजकडे नंतर पाहिले. आधी त्यांनी द्रव लाइनवरून हात फिरवला. ड्रायरच्या अलीकडे नळी कोमट होती, पलीकडे लक्षात येण्याइतकी गार. मग नळीला थर्मामीटरचे चिमटे लावून मोजमाप झाले : ड्रायरच्या आधी ३३ अंश, नंतर २५. डिस्चार्जचा दाब १०.६ बार, म्हणजे सुमारे ४५ अंशांचे संघनन (वाफेचा द्रव होणे). त्या तुलनेत द्रव १२ अंश अधिक थंड होता, यालाच सबकूलिंग म्हणतात. बाष्पकातून बाहेर पडणारी नळी ८ अंशांवर होती, म्हणजे सुपरहीट (बाष्पकाच्या तापमानापेक्षा वाफ किती अधिक तापली ते) २८ अंशांच्या घरात.

हे आकडे एकत्र ठेवले की यंत्राची अवस्था स्पष्ट होते. बाष्पक उपाशी आहे, हे सक्शनचा कमी दाब आणि चढलेले सुपरहीट सांगतात. पण गॅस कमी असला तरी हेच दिसते आणि वाट अडली असली तरी हेच दिसते. त्या दोहोंतला फरक कळतो तो द्रवाच्या बाजूला. गॅस कमी असता तर कंडेन्सरमध्ये द्रव साचला नसता आणि सबकूलिंग मिळाले नसते. इथे ते १२ अंश होते, म्हणजे रिसीव्हर भरून द्रव कंडेन्सरमध्ये मागे तुंबला होता. चांगल्या ड्रायरच्या दोन्ही टोकांच्या तापमानात हाताला जाणवेल असा फरक पडत नाही. इथे आतली जाळी चोंदल्यामुळे द्रवाचा दाब एकदम घसरत होता, त्यातला काही भाग तिथेच उकळून वाफ होत होता आणि नळी गार पडत होती. साइट ग्लास ड्रायरच्या पुढे बसवलेली असल्याने ती वाफ बुडबुड्यांच्या रूपात तिच्यात दिसत होती. गॅस भरल्यावर खोली थोडी निवत होती, कारण मागचा दाब वाढून अडथळ्यातून थोडा अधिक द्रव पुढे ढकलला जात होता. त्या तात्पुरत्या आरामानेच पहिल्या दोघांना आपला निष्कर्ष बरोबर असल्याची खात्री पटली.

यात सर्वात बोलकी बाब अशी की तिघांपैकी एकानेही गळती शोधली नव्हती. बंद चक्रातले शीतक वापरून संपत नाही. ते कमी झाले असेल तर कुठून तरी गेलेले असते. गळती न शोधता गॅस भरणारा तंत्रज्ञ एक तर चुकीचे निदान करत असतो किंवा खरा दोष तसाच ठेवून निघत असतो. वर्गातल्या परीक्षेत मात्र शीतकरण चक्र बंद असते, हे उत्तर तिघांनीही बरोबर लिहिले होते.

यंत्रातला सगळा गॅस रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढून घेतला आणि ड्रायर नळी-कटरने कापून काढला. तो टॉर्चने तापवून सोडवायचा नसतो, कारण उष्णतेने त्याने धरून ठेवलेली ओल सुटून पुन्हा नळ्यांत जाते. आतल्या जाळीवर काळ्या पापुद्र्यांचा आणि भुकटीचा थर बसला होता. तो तांब्याचा ऑक्साइड होता.

कारणे

तांबे ब्रेझिंगच्या, म्हणजे भरणीचा धातू वितळवून नळ्या जोडण्याच्या, तापमानाला आले की आतल्या हवेतला ऑक्सिजन त्याच्याशी संयोग पावतो आणि नळीच्या आत काळा थर धरतो. तो टाळायचा तर जोड तापवताना नळीतून कोरडा नायट्रोजन अगदी हळू, मिनिटाला साधारण दोन लिटर, वाहता ठेवावा लागतो, आणि त्याचे दुसरे टोक मोकळे असावे लागते. नाहीतर आत दाब साचून वितळलेला धातू जोडातून बाहेर फुंकला जातो. आर-१३४ए सोबत वापरले जाणारे पीओई हे कॉम्प्रेसरचे तेल हा थर सहज सोडवते आणि वाहून नेते. कॉम्प्रेसर बदलताना नायट्रोजन न लावता जोड केले गेले, थर सुटला, आणि सगळा माल पहिल्या बारीक जाळीवर, म्हणजे नव्या ड्रायरमध्ये, जाऊन बसला.

हे जोड नळजोडणीतून आलेल्या एका प्रशिक्षणार्थीने केले होते. बाहेरून पाहता ते निर्दोष होते. धातू चारही बाजूंनी सारखा भरला होता आणि दाबचाचणीत थेंबभरही गळती निघाली नव्हती. नायट्रोजनचा प्रश्न त्याने लेखी परीक्षेत बरोबर सोडवला होता. मग प्रत्यक्ष कामात तो का लावला नाही? कारण ज्या ज्येष्ठ तंत्रज्ञासोबत तो काम शिकला, त्यांच्या गाडीत नायट्रोजनचा रेग्युलेटर बहुधा नसेच. तो एकच होता, दोन गाड्यांत फिरत असे आणि दाबचाचणीपुरता मागवला जाई. शिकण्याच्या सगळ्या काळात त्याने जोड नायट्रोजनशिवाय होताना पाहिले. वर्गाने त्याला एक सांगितले आणि कामाच्या जागेने दुसरे. अशा वेळी शिकाऊ माणूस डोळ्यांसमोर जे घडते तेच उचलतो, आणि त्यासाठी त्याला दोष देता येत नाही.

दुसरे कारण जॉब कार्डात सापडले. जुनी कार्डे काढून पाहिली तर बहुतेकांवर एकाच धाटणीची नोंद होती : गॅस भरला, यंत्र चालू करून दिले. कार्डावर भरलेल्या गॅसचे वजन लिहायला चौकट होती, बदललेल्या भागाचे नाव लिहायला चौकट होती, ग्राहकाच्या सहीला जागा होती. तापमान, दाब, सुपरहीट किंवा विजेचा प्रवाह नोंदवायला कुठेच जागा नव्हती. निदान लिहायला तर एक ओळही नव्हती. कंपनी माणसाकडून नेमके काय अपेक्षिते, हे त्या कागदावरून रोज शिकवले जात होते, आणि तो धडा वर्गातल्या धड्यापेक्षा खोल रुजला होता.

तिसरे कारण ज्येष्ठ तंत्रज्ञांच्या कामाच्या हिशेबात होते. दिवसात किती तक्रारी मिटवल्या यावर त्यांचे मूल्यमापन होई. शिकाऊ माणसाला गेज देऊन त्याच्या उत्तराची वाट पाहत बसणे म्हणजे स्वतःचे नुकसान करून घेणे होते. त्यामुळे ते स्वतः भराभर काम उरकत आणि शिकाऊ माणूस हत्यारे हातात देत उभा राही. त्याला हालचाली दिसत, पण त्यांच्यामागचा विचार कानावर पडत नसे. वीस वर्षे काम केलेला माणूस नळीला बोट लावून क्षणात जे ठरवतो, त्यात पाच-सहा शक्यता मनातल्या मनात बाद झालेल्या असतात. पाहणाऱ्याला फक्त बोट दिसते.

व्यवस्थापनाचा पहिला कल वर्गातले तास वाढवण्याकडे होता. तसे केले असते तर यांपैकी एकही कारण दूर झाले नसते.

नवी आखणी

दुसऱ्या कार्यक्रमात सर्वात मोठा बदल क्रमाचा होता. पहिल्या कार्यक्रमात गेज पहिल्याच आठवड्यात हाती दिले जात. आता ते सर्वात शेवटी आले. दर वेळी गेजची होज (लवचिक नळी) लावताना आणि काढताना थोडा गॅस जातो, हवा किंवा ओल आत शिरण्याचा धोका असतो, आणि गेज हाती आले की विचार दाबापाशीच अडकतो. म्हणून सुरुवात हवेपासून झाली. फिल्टर, कॉइल, पंखा, डक्ट, आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेचे तापमान एवढ्यावरून यंत्राबद्दल किती सांगता येते, हे आधी शिकवले गेले. इथे हेल्पर पुढे आले. बाष्पकावरची हवा कमी झाली तरी सक्शनचा दाब खाली येतो, पण तेव्हा सुपरहीट वाढत नाही, उलट घटते, आणि कॉइलवर बर्फ धरतो. ही गोष्ट त्यांनी शेकडो वेळा डोळ्यांनी पाहिलेली होती. त्यांना फक्त तिचे स्पष्टीकरण हवे होते. ज्यांना गटातले सर्वात कच्चे मानले गेले होते, त्यांनीच वायरमन मंडळींना कॉइल वाचायला शिकवले, आणि गटातले वातावरण त्याने पार पालटले.

त्यानंतर वीज आली. वीज बंद करून कुलूप आणि सूचनापट्टी लावणे, मीटर आधी चालू असलेल्या ठिकाणी तपासून मग बंद मंडलावर लावणे आणि पुन्हा चालू ठिकाणी तपासणे, कपॅसिटर हात लावण्याआधी विसर्जित करणे, हे सर्वांना सारखेच करावे लागले. वायरमनलाही सूट नव्हती. एका सरावात खुणा पुसलेला एकफेजी कॉम्प्रेसर समोर ठेवला जाई आणि फक्त ओहममीटरने कॉमन, स्टार्ट आणि रन हे वीजजोडणीचे तीन खिळे ओळखायला सांगितले जाई. तीन जोड्यांपैकी सर्वाधिक रोध स्टार्ट आणि रन यांच्यामध्ये मिळतो, म्हणून त्या जोडीबाहेर राहिलेला खिळा कॉमन. कॉमनपासून कमी रोध दाखवतो तो रन आणि जास्त दाखवतो तो स्टार्ट. दोन लहान आकड्यांची बेरीज मोठ्या आकड्याएवढी येते का, हे पाहून मोजमापही तपासता येते. आकड्यावर विसंबायचे कधी आणि शंका घ्यायची कधी, हे या छोट्या सरावातून फार चांगले शिकता येते.

तांब्याच्या कामात नायट्रोजनविषयी भाषण दिले गेले नाही. प्रत्येकाने दोन जोड केले, एक नायट्रोजन वाहता ठेवून आणि एक तसाच, आणि दोन्ही नळ्या लांबीने चिरून शेजारी ठेवल्या. एक आतून चकचकीत, दुसरी काळीकुट्ट. बोट फिरवले की पापुद्रे हातात येत. शीतखोलीतल्या ड्रायरची चिरलेली जाळीही त्याच टेबलावर होती. त्याबरोबर प्रत्येक गाडीत स्वतंत्र रेग्युलेटर देण्यात आला. माझ्या मते हा दुसरा निर्णय पहिल्याइतकाच प्रशिक्षणाचा भाग होता. याच टप्प्यावर दाबचाचणीला ऑक्सिजन कधीही वापरायचा नाही, तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो, हे प्रत्येकाकडून तोंडी वदवून घेतले गेले.

व्हॅक्यूम, म्हणजे गॅस भरण्यापूर्वी नळ्यांतली हवा आणि ओल पंपाने काढून घेणे, शिकवण्यासाठी काचेच्या चंबूत थोडे पाणी घेऊन पंप जोडला. साधे मॅनिफोल्ड गेज लवकरच पूर्ण निर्वात दाखवू लागले, पण मायक्रॉन गेजचा (निर्वाताजवळचा अतिसूक्ष्म दाब मोजणाऱ्या मापकाचा) आकडा काही हजारांवर अडून राहिला, कारण पाण्याची वाफ सतत सुटत होती. मग पाणी उकळता उकळता गोठले आणि तो बर्फ अतिशय सावकाश उडत राहिला. ५०० मायक्रॉनच्या खाली उतरून पंप बंद केल्यावर आकडा स्थिर राहिला पाहिजे. तो चढून एका ठिकाणी थांबला तर ओल आहे, आणि थांबायचेच नाव घेत नसेल तर गळती आहे. घाईत दहा-पंधरा मिनिटे पंप लावून गॅस सोडण्याची सवय या एका प्रयोगाने जितकी सुटली, तितकी कोणत्याही ताकिदीने सुटली नसती.

गेज आले ते या सगळ्यानंतर, आणि तेही एका सराव-यंत्रावर. निकामी झालेल्या यंत्रांचे भाग वापरून कंपनीने ते स्वतः उभारले. द्रव लाइनवर एक झडप बसवली, तिने वाट हवी तेवढी आवळता येई. बाष्पकाच्या पंख्याची गती कमी करता येई, कंडेन्सर अर्धा झाकता येई, गॅस मोजून काढता आणि घालता येई. प्रशिक्षक दोष घालून बाजूला होत. प्रशिक्षणार्थीने आधी गेजशिवाय पाहायचे, ऐकायचे, तापमाने घ्यायची आणि आपला अंदाज कारणासह लिहायचा. मग गेज लावून सुपरहीट आणि सबकूलिंग काढायचे, आणि अंदाज बदलला तर का बदलला तेही लिहायचे. गुण निदानाला कमी आणि तर्काला जास्त होते. चुकीचा अंदाज खोडू न देण्याचा नियम होता, कारण पुढच्या आठवड्याची चर्चा त्यावरच चाले. शीतखोलीचा दोष या यंत्रावर सर्वांना सोडवावा लागला, आणि साइट ग्लासमधल्या बुडबुड्यांवर विसंबण्याची सवय तिथे मोडली.

शीतकांच्या फरकाचाही भाग इथेच आला. आर-४०७सी सारखे मिश्रण एका ठरावीक तापमानाला उकळत नाही, तापमान काही अंशांनी सरकत जाते. म्हणून सुपरहीटसाठी एक आकडा आणि सबकूलिंगसाठी दुसरा वापरावा लागतो, आणि घटकांचे प्रमाण बिघडू नये म्हणून ते द्रवरूपातच भरावे लागते. हे तक्त्यावरून पाठ करण्यापेक्षा हातातल्या यंत्रावर चूक होऊ देऊन समजावणे अधिक सोपे गेले.

जॉब कार्ड नव्याने छापले गेले. त्यात मोजमापांच्या चौकटी आल्या आणि गॅस भरल्याची नोंद करायची तर गळती कुठे सापडली हे लिहिल्याशिवाय कार्ड पूर्ण मानले जाईना. ज्येष्ठ तंत्रज्ञांसाठी शिकवण्याचे दिवस वेगळे धरले गेले. त्या दिवशी तक्रारींची संख्या मोजली जात नसे. त्यांच्याकडून एकच मागणी होती : हात चालवताना बोलायचे, काय पाहतो आहोत आणि कोणती शक्यता का सोडून दिली ते सांगायचे. सुरुवातीला त्यांना हे फार जड गेले. एकजण नळीला हात लावून गॅस कमी आहे की जास्त ते सांगत, पण का ते त्यांना सांगता येईना. तेव्हा त्यांनी आधी हाताने तापमान सांगायचे आणि मग थर्मामीटर लावायचा, असे ठरले. त्यांचा अंदाज बहुतेक वेळा जवळचा निघे, आणि जिथे चुके तिथली कारणे शोधताना, उदाहरणार्थ वाऱ्याने गार झालेली नळी किंवा उन्हात तापलेली लाइन, दोघेही शिकत. हाताची जाण आकड्याशी जोडली गेली की ती दुसऱ्याला देता येते.

जिथे चुकून शिकता येत नाही

तापनाच्या कामात ही पद्धत जशीच्या तशी वापरता येत नाही, हे कंपनीने वेळीच ओळखले. हीट पंपापुरते ठीक आहे, कारण तोही शीतकाचेच चक्र उलट फिरवतो. प्रवाहाची दिशा उलटवणारी रिव्हर्सिंग झडप आणि डीफ्रॉस्ट (कॉइलवरचा बर्फ वितळवणे) समजले की बाकीचे ओळखीचे असते. पण गॅसवर चालणाऱ्या भट्टीत किंवा बॉयलरमध्ये ज्वलन अपुरे झाले, धूरनळी अडली किंवा उष्णता-विनिमयकाला तडा गेला, तर कार्बन मोनॉक्साइड खोल्यांत शिरू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. शीतखोलीतली चूक पुन्हा तक्रार होऊन परत येते. इथली चूक माणसाचा जीव घेऊ शकते. म्हणून ज्वलनाची कामे वेगळ्या टप्प्यावर ठेवली गेली, ज्वलन-विश्लेषकाची नोंद आणि दुसऱ्या अधिकृत तंत्रज्ञाची तपासणी याशिवाय यंत्र चालू करण्यास मनाई करण्यात आली.

ज्वलनशील शीतकांनाही हीच शिस्त लागू झाली. आर-३२ सौम्य ज्वलनशील वर्गात मोडते, आर-२९० म्हणजे प्रोपेन तर उघडच पेट घेणारा. १९८७च्या मॉन्ट्रियल करारात २०१६ साली किगाली येथे झालेल्या दुरुस्तीनंतर अधिक तापमानवाढ घडवणारी शीतके टप्प्याटप्प्याने कमी होत आहेत. आर-१३४ए चा एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडवतो असे मानले जाते. पर्यायी शीतकांतली बरीचशी ज्वलनशील आहेत. नव्या तंत्रज्ञाला आयुष्यभर त्यांच्यासोबत काम करायचे असल्याने जुन्या पिढीची टॉर्च आधी पेटवण्याची सवय त्याला लागताच कामा नये. गॅस काढून घेणे, नायट्रोजनने फुंकणे, गॅस-शोधकाने तपासणे आणि मगच आग, हा क्रम प्रत्येक शीतकासाठी सारखाच पाळायचा, असे ठरले. ज्वलनशीलसाठी एक आणि बाकीसाठी दुसरा असे दोन क्रम शिकवले, तर घाईच्या दिवशी नेमका चुकीचा वापरला जातो.

परिणाम आणि अडचणी

परत येणाऱ्या तक्रारी कमी झाल्या आणि गॅसची खरेदी घटली. दोन्ही गोष्टी नव्या जॉब कार्डांवरून पडताळता आल्या. तक्रार मिटवायला लागणारा वेळ मात्र सुरुवातीला वाढला, कारण माणसे मोजमाप करू लागली होती. व्यवस्थापनातल्या काहींना हा कार्यक्रम फसल्याचा पुरावा वाटला. त्या काळात अभियंत्यांनी पहिल्याच भेटीत सुटलेल्या आणि पुन्हा जावे लागलेल्या कामांचा एकत्र वेळ मांडून दाखवला नसता, तर कार्यक्रम बंद पडला असता.

सगळेच टिकले नाहीत. काही वायरमन उंचीवरच्या आणि उष्ण जागांतल्या कामाला कंटाळून आपल्या जुन्या कामाकडे परतले, आणि त्यांना कमीपणा न येऊ देता परत घेतले गेले. तयार झालेल्यांपैकी काहीजण दुसऱ्या कंपन्यांत गेले. शिकवले की माणसे जातात ही भीती खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय शिकवणे थांबवण्यात मला दिसत नाही. जे गेले त्यांच्याशी झालेल्या बोलण्यात पगाराइतकाच एक मुद्दा सतत येत राहिला : तंत्रज्ञाचे काम करत असूनही त्यांचे पद हेल्परचेच ठेवले होते. जबाबदारी वाढल्याच्या दिवशीच पद आणि वेतन बदलायला हवे होते. ही दुरुस्ती कंपनीने नंतर केली, पण तोवर दोन उत्तम माणसे गेली होती, आणि त्यांतला एक तिसऱ्या भेटीत गॅस भरणे थांबवून फोन करणारा होता.

सध्याचा प्रश्न कार्बन डायऑक्साइडवर, म्हणजे आर-७४४ वर, चालणाऱ्या यंत्रांचा आहे. त्याचे क्रांतिक तापमान, ज्याच्या वर कितीही दाब दिला तरी वाफेचा द्रव होत नाही, ३१.१ अंश आणि क्रांतिक दाब ७३.८ बार आहे. बाहेरची हवा तापली की कंडेन्सरमध्ये संघनन होतच नाही, आणि सबकूलिंगवर उभारलेले निदान तिथे लागू पडत नाही. यंत्र बंद असतानाही आतला दाब आर-१३४ए च्या कितीतरी पट असतो. या यंत्रांचा अनुभव कंपनीतल्या ज्येष्ठांनाही नाही, त्यामुळे ज्याच्यामागे उभे राहून शिकावे असा माणूसच नाही. एक ज्येष्ठ आणि एक नवा तंत्रज्ञ अशी जोडी उत्पादकाच्या प्रशिक्षणाला पाठवावी, दोघांनी परत येऊन एकत्र शिकवावे, आणि तोपर्यंत अशा यंत्रांची कामे घेऊ नयेत, अशी लेखी शिफारस अभियंत्यांनी केली आहे. जोडी पाठवायला व्यवस्थापन तयार आहे. कामे न घेण्याची अट मात्र त्यांनी अजून मान्य केलेली नाही.